दुपदरी दोराची गाठ : गळाने मासे धरणाऱ्यांसाठी

रायगड जिल्ह्यातील खाड्यांतून भरतीचे पाणी चढू लागले म्हणजे काठावर गळ टाकून बसलेला हौशी माणूस बहुधा जिताड्याची वाट पाहत असतो. जिताडा गळाला लागला की प्रथम जोराने डोके झाडतो, मग पाण्याबाहेर उसळी घेतो आणि नंतर तिवरांच्या मुळांकडे धाव घेतो. हे सारे थोडक्या वेळात घडते. आणि दोर तुटावयाचा असला तर तो बहुधा याच अवधीत तुटतो. काठावरचा माणूस रिकामा दोर गुंडाळीत म्हणतो, ‘मासा फार मोठा होता.’ पुष्कळदा ते खरे नसते. मासा बेताचाच असतो; गाठ वाईट असते.

तुटून आलेले टोक डोळ्यांजवळ धरून पाहावे. ते खरखरीत व पांढुरके झालेले असेल, तर दोर कालवांच्या शिंपांवर किंवा खडकावर घासला गेला आहे. ते डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असेल, तर दोर तुटलेलाच नाही. गाठ सरकून सुटली आहे. आणि टोक आखूड, सरळ व स्वच्छ तुटलेले असेल, तर दोर गाठीच्या तोंडाशी तुटला आहे. या तिसऱ्या प्रकाराचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत प्रामुख्याने करावयाचा आहे. दुसऱ्या प्रकाराचा विचार ओघाने येईलच.

मासा निसटल्याने मनुष्याचे नुकसान थोडे होते, माशाचे मात्र फार होते. गळ तोंडात रुतलेला आणि मागे हात दोन हात दोर लोंबत असलेला मासा त्या दोराने मुळांत अडकतो. नायलॉन पाण्यात कुजत नाही. वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि पुढे पक्ष्यांच्या पायांत गुंततो. महसीरच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत सापडलेल्या माशांवरून केले आणि त्याला खुद्री हे नाव दिले. आज त्या ठिकाणी महसीर शोधावयास कोणी जाणार नाही. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात आणि वैतरणेकाठी तिळसे येथे देवाचा मासा म्हणून त्याला अभय आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या तलावाकाठी सी. व्ही. कुळकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७० नंतरच्या काळात त्याची कृत्रिम पैदास करून दाखविली आणि तेथील पिले देशातील अनेक जलाशयांत सोडण्यात आली. इतक्या सायासाने वाढविलेला मासा छंदासाठी धरून पुन्हा पाण्यात सोडावयाचा, तर तो गळ काढून सोडता आला पाहिजे. गळासकट पळून जाऊ देणे हे सोडणे नव्हे.

गाठीत दोर का तुटतो

दोराच्या वेष्टनावर ‘८ किलो’ असे छापलेले असते. ही शक्ती सरळ, बिनगाठीच्या दोराची होय. त्याला कोणतीही साधी गाठ मारली की ती घटते. साध्या निरगाठीने ती जवळजवळ निम्म्यावर येते. याचे कारण दोराच्या वळणात आहे.

अर्धा मिलिमीटरहून थोडा बारीक, म्हणजे ०.४० मिलिमीटर व्यासाचा नायलॉन दोर घ्या. गाठीत तो स्वतःच्याच दुसऱ्या पदराभोवती घट्ट वळतो. म्हणजे त्याची आतली कड मध्यापासून ०.२ मिलिमीटरवर, त्याचा मध्य ०.४ मिलिमीटरवर आणि बाहेरची कड ०.६ मिलिमीटरवर येते. त्याच वळणात बाहेरच्या कडेला मध्याच्या दीडपट अंतर जावे लागते. नायलॉनचा दोर साधारणपणे एकचतुर्थांशाच्या आसपास ताणला की तुटतो. मग बाहेरच्या कडेने निम्म्याने ताणले जावे कसे? प्रत्यक्षात दोर चपटा होतो, थोडा सरकतो, आणि हा हिशेब इतका कठोर राहत नाही. तरीही त्या ठिकाणचा दोर मासा लागण्यापूर्वीच आपली बरीचशी ऐपत खर्च करून बसलेला असतो, हे उघड आहे.

२००१ साली पिएरान्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी मासेमारीचा नायलॉन दोर आणि (वाचकांनी हसू नये) शिजविलेल्या शेवया यांना गाठी मारून त्या ताणून तोडल्या. दोन्ही पदार्थ गाठीच्या मधोमध तुटले नाहीत. सरळ भाग संपून वळण सुरू होते त्या तोंडाशी तुटले. तेथे वक्रता सर्वांत अधिक असते आणि ताणही पुरता असतो. गाठीच्या आत शिरल्यावर घर्षणामुळे ताण उतरत जातो.

हे ताण उतरणे म्हणजेच गाठीचे खरे कार्य. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर खांबाभोवती दोर गुंडाळून नाव थोपविणारा खलाशी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचे गणित अठराव्या शतकात ऑइलर यांनी मांडले. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर एका वेढ्याने ताण साडेतीन पटींनी, दोन वेढ्यांनी बारा पटींनी आणि तीन वेढ्यांनी त्रेचाळीस पटींनी उतरतो. दहा किलोंच्या जोराने टोक धरणारा मनुष्य तीन वेढ्यांच्या बळावर चारशे तीस किलोंचा ओढा थोपवितो, तो असा. आता गुणांक निम्मा, म्हणजे ०.१ धरा. तेच तीन वेढे ताण केवळ साडेसहा पटींनी उतरवितात. दोर गुळगुळीत झाला की वेढे दुप्पट केले पाहिजेत, हा नियम येथूनच निघतो.

आपल्या कोळी बांधवांना हा नियम गणिताशिवाय समजला. जाळ्याचे सुती सूत ज्या एकेरी गाठीने विणले जाई (विणकर तुटलेले सूत जोडतो तीच ही गाठ) ती नायलॉनच्या सुतात सरकू लागली आणि तेथे दुहेरी वेढ्याची गाठ आली. कोचीन येथे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कृत्रिम धाग्यांच्या जाळ्यांवर पुढे बरेच काम केले. सूत बदलले की गाठ बदलते, हा धडा गळवाल्यांनी त्यांच्यापासून घ्यावयास हवा.

२०२० साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विशाल पाटील, मॅथियास कोले, यर्न डंकेल आदींनी ताण वाढला की रंग बदलणाऱ्या तंतूंना गाठी मारून आतला ताण डोळ्यांना दिसेल असा केला. पदर एकमेकांना किती वेळा ओलांडतात, शेजारचे पदर परस्परविरुद्ध दिशांना घासतात की एकाच दिशेने, आणि पीळ एकमेकांना अडवितात की एकमेकांच्या बरोबरीने उलगडतात, यांवरून कोणती गाठ टिकेल व कोणती सुटेल हे बरेचसे सांगता येते असे त्यांनी दाखविले. गाठ मारताना एक वेढा चुकून उलटा गेला तर दिसावयास तीच असलेली गाठ का सरकते, याचा उलगडा या संशोधनाने होतो.

दुपदरी दोराचा हिशेब

मुख्य दोराचे टोक दुमडून काही लांबीपर्यंत त्याचे दोन पदर करावयाचे, ते एका गाठीने पक्के करावयाचे आणि गळ, फिरती कडी किंवा पुढचा जाड दोर या दोन पदरांना मिळून बांधावयाचा, यास दुपदरी दोर म्हणतात. दोन पदर झाले म्हणजे दोर दुप्पट मजबूत झाला, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. माशापासून काठीपर्यंत एकच साखळी असते आणि तिच्यात एकेरी दोर आहेच. दुपदरी दोर बळ वाढवीत नाही. गाठीने हिरावून घेतलेले बळ परत मिळवून देतो, एवढेच.

हिशेब सोपा आहे. दोर ८ किलोंचा आहे आणि गळाची गाठ त्याची तीनचतुर्थांश शक्ती राखते असे समजू. एकेरी दोरावर गळ बांधला तर सारी साखळी ६ किलोंची झाली. आता तीच गाठ दोन पदरांवर मारली, तर प्रत्येक पदरावर निम्माच भार येतो. म्हणून ती गाठ १२ किलोंपर्यंत टिकेल. दोन पदर करणारी वरची गाठ दोराची शक्ती पुरती राखीत असेल, तर साखळी पूर्ण ८ किलोंची झाली. दोर तोच राहून २ किलो मिळाले.

परंतु वरची गाठ साध्या निरगाठीची असेल तर? ती ४ किलोंवर तुटेल. म्हणजे दुपदरी करण्याच्या खटाटोपात मनुष्याने ६ किलोंची साखळी ४ किलोंवर आणून ठेवली! प्रस्तुत लेखकाने आरंभीची दोन वर्षे नेमके हेच केले. फास मोठा व देखणा दिसे, आणि मासे जात. खालची गाठ पुनःपुन्हा बदलून पाहिली; वरच्या गाठीकडे बोट करावे असे सुचले नाही, कारण ती साधी होती आणि साध्या वस्तूवर संशय येत नाही. तेव्हा दुपदरी दोर करावयाचा तर चांगल्या गाठीने करावा, नाही तर करूच नये.

आणखी एक अट आहे. दोन्ही पदरांची लांबी सारखी असली पाहिजे. एक पदर केसभर आखूड राहिला तर सारा भार तोच घेतो आणि दुसरा शोभेपुरता उरतो. म्हणून खालची गाठ आवळताना दोन्ही पदर बोटांतून एकत्र ओढून समान करावेत आणि ते एकमेकांवर चढू देऊ नयेत.

कोणती गाठ निवडावी

तीन गाठी शिकण्याजोग्या आहेत. पहिली शल्यविशारदाची गाठ. दोर दुमडून त्या दुहेरी टोकाची साधी गाठ घालावयाची, आणि ती आवळण्यापूर्वी फास त्याच छिद्रातून आणखी एकदा घालावयाचा. अंधारात, थंडीने आखडलेल्या बोटांनीही ती मारता येते. नायलॉनमध्ये ती दोराची चारपंचमांशाच्या आसपास शक्ती राखते. लहान माशांना ती पुरेशी आहे. मात्र वरच्या हिशेबात ८ किलोंच्या दोराला ती साडेसहा किलोंच्या आसपास आणून ठेवते. एकेरी दोरापेक्षा लाभ फार थोडा.

दुसरी कोळ्याची गाठ. हा कोळी जाळे टाकणारा नव्हे, जाळे विणणारा किडा होय. दुमडलेल्या दोराचे लहानसे वळे करून ते अंगठ्याजवळ चिमटीत धरावयाचे, उरलेला दुहेरी दोर अंगठा व ते वळे यांभोवती पाच वेळा शेजारी शेजारी गुंडाळावयाचा, फासाचे टोक त्या वळ्यातून ओवावयाचे आणि सावकाश ओढावयाचे. वेढे एकेक करून अंगठ्यावरून उतरतात. ही गाठ सावकाश वाढणाऱ्या ताणाला उत्तम टिकते, पण एकाएकी बसणाऱ्या हिसक्याला तितकी टिकत नाही. जिताडा तर हिसक्यानेच लढतो. तेव्हा ही गाठ घाईच्या वेळी मधल्या माशांसाठी ठेवावी.

तिसरी बिमिनी पीळ. बहामा बेटांपैकी बिमिनी येथे मोठ्या सागरी माशांची गळाने शिकार चाले. तेथून हे नाव आले. ही गाठ म्हणावी की पीळ म्हणावा हा प्रश्नच आहे, कारण हिच्यात दोर कोठेही एकदम वळत नाही. चक्री जिन्याप्रमाणे तो लांबवर सावकाश फिरत जातो. वळण सौम्य, म्हणून बाहेरच्या कडेवर जादा ताण नाही. वेढे पुष्कळ, म्हणून ताण हळूहळू उतरतो. आणि शेवटी जी खरी गाठ येते तिच्यापर्यंत ताण नाममात्र पोहोचतो. नीट मारलेली बिमिनी दोराची जवळजवळ सारी शक्ती राखते. वेळ अधिक लागतो, हा तिचा दोष. म्हणून ती घरी बसून मारावी.

दोराच्या जातीप्रमाणे वेढे ठरवावेत. बाजारात ज्याला तंगूस म्हणतात त्या एकतंतू नायलॉनला वीस पीळ पुरतात. अलीकडचा विणीचा दोर पॉलिएथिलिनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा असतो. तो व्यासाच्या मानाने फार मजबूत, पण अतिशय गुळगुळीत असतो आणि जवळजवळ ताणलाच जात नाही. त्याला तीस ते चाळीस पीळ द्यावे लागतात. ऑइलरच्या हिशेबात आपण हे पाहिलेच. शिवाय हा पदार्थ नायलॉनपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला, दीडशे अंश सेल्सियसच्या आतबाहेर वितळतो. कोरडी गाठ झटक्याने आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने त्याचे तंतू दुखावतात. गाठ आवळण्यापूर्वी ती पाण्याने वा ओठांनी ओली करावी, हा नियम सर्वच दोरांना लागू आहे. येथे तो कधीही मोडू नये.

बिमिनी पिळाची कृती

खुर्चीवर बसावे. दोराचे टोक सुमारे दीड मीटर मागे दुमडून फास करावा. मुख्य दोर व मोकळे टोक डाव्या हातात एकत्र धरून उजवा हात फासात घालावा आणि मनगट एकाच दिशेने वीस वेळा फिरवावे. प्रत्येक फेरीस एक पीळ पडतो. मोजणी चुकली तर दोनचार अधिक पडू द्यावेत, कमी नकोत.

आता फास दोन्ही गुडघ्यांवर चढवावा. डाव्या हातात मुख्य दोर, उजव्या हातात मोकळे टोक धरून दोन्ही ताठ ठेवावेत आणि गुडघे हळूहळू फाकवावेत. पीळ खालून दाबले जाऊन घट्ट होतात व वर सरकतात. ते एकसारखे, उभट आणि दाट दिसू लागले की पुढच्या पायरीस हात घालावा.

येथे सारे कौशल्य आहे. मुख्य दोर ताठ व उभा ठेवावा. मोकळे टोक मात्र बाजूला, पिळांशी काटकोनात आणावे आणि त्याचा ताण किंचित सैल करावा. गुडघे फाकतच असावेत. एका क्षणी मोकळे टोक आपोआप उलटून पिळावर पहिला वेढा घेते, आणि मग रिळावर दोर गुंडाळला जावा तसे वरून खाली वेढे पडत जातात. नवशिका येथे घाबरून टोक ओढून धरतो आणि वेढे थांबतात. किंवा ते अगदीच सोडतो आणि वेढे एकमेकांवर चढतात. टोकाला बोटांतून सरकू द्यावे, पण सुटू देऊ नये. हे शब्दांत सांगणे कठीण आहे. पंधरावीस वेळा केल्यावर बोटांना समजते. जाड सुतळीवर पहिला सराव केल्यास वेढे कसे पडतात हे डोळ्यांना दिसते.

वेढे फासाच्या बेचक्यापर्यंत उतरले की डाव्या हाताच्या चिमटीत ते घट्ट धरावेत. मोकळ्या टोकाने फासाच्या जवळच्या एका पदराभोवती अर्धी गाठ घालून ती बेचक्याशी आवळावी. आता वेढे उलगडणार नाहीत. गुडघे काढून घ्यावेत. मग त्याच टोकाने दोन्ही पदरांभोवती एक सैल अर्धी गाठ घालावी, पण आवळू नये. त्याच वळ्यातून टोक आणखी तीन वेळा, बेचक्याच्या दिशेने, फिरवून घ्यावे. ओले करून सावकाश ओढावे आणि नखाने वेढे वर ढकलीत न्यावेत, म्हणजे ते एकावर एक न चढता शेजारी बसतील. टोक पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापावे. ते काडीने जाळून बोंड करण्याची पुष्कळांना हौस असते; ज्योत गाठीच्या इतक्या जवळ नेणे इष्ट नाही.

बादलीची कसोटी

दुसऱ्याच्या सांगण्यावर कोणतीही टक्केवारी मानू नये. या पुस्तिकेच्याही नाही. परीक्षा घरच्या साधनांनी होते. एक बादली, मापाचे भांडे आणि पाणी एवढे पुरे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. रिकामी बादली तोलून घ्यावी, दोराचे वरचे टोक गुळगुळीत गोल दांडक्याभोवती सहा-सात वेढे देऊन बांधावे म्हणजे तेथे तो तुटणार नाही, खालच्या टोकाला तपासावयाची गाठ मारून बादली लटकवावी आणि अर्धा अर्धा लिटर पाणी ओतीत जावे. बादली जमिनीपासून चार बोटांहून उंच नसावी. प्रथम बिनगाठीचा दोर दोन्हीकडे दांडक्यांना गुंडाळून तोडावा. वेष्टनावरील आकडा व प्रत्यक्ष आकडा यांत बरीच तफावत आढळते, आणि नंतरची तुलना प्रत्यक्ष आकड्याशीच करावी लागते.

वजनही नको असेल तर याहून सोपी युक्ती आहे. दोराच्या एकाच तुकड्याच्या एका टोकाला एक गाठ, दुसऱ्या टोकाला दुसरी गाठ मारावी आणि दोन्ही फास दोन दांड्यांत अडकवून ताणावे. दुबळी गाठ आधी तुटते. असे दहा वेळा करावे. दहापैकी नऊ वेळा एकच गाठ हरली तर निकाल स्पष्ट आहे. सहा-चार असा निकाल लागला तर दोन्ही सारख्याच समजून मारावयास सोपी ती घ्यावी. सावकाश ताणून एक फेरी आणि हिसका देऊन एक फेरी, अशा दोन स्वतंत्र फेऱ्या केल्यास कोळ्याच्या गाठीविषयी वर जे म्हटले आहे ते पडताळून पाहता येईल. हातांना जाड कापड गुंडाळावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. तुटलेला दोर उलटून फार वेगाने येतो.

या कसोट्यांना समुद्र वा नदी लागत नाही. राजस्थानात जयपूरच्या विद्याधर नगरात राहणारा वाचकही, संक्रांतीचे पतंग उतरले की, त्याच गच्चीवर हा अभ्यास करू शकेल. मात्र त्याने एक सावधगिरी घ्यावयास हवी. नायलॉन पाणी शोषून घेतो. साधारण दमट हवेत तो आपल्या वजनाच्या सुमारे चार टक्के आणि पाण्यात बुडवून ठेवल्यास नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतो. आणि असा भिजलेला दोर कोरड्यापेक्षा दहा ते पंधरा टक्क्यांनी दुबळा होतो, अधिक ताणलाही जातो. मे महिन्यातील जयपूरच्या शुष्क हवेत घेतलेला आकडा अलिबागच्या खाडीत खरा ठरणार नाही. म्हणून तपासावयाचा दोर आदल्या रात्री पाण्यात ठेवावा आणि सकाळी ओलाच तोडावा. पॉलिएथिलिनचा विणीचा दोर पाणी शोषीत नाही. त्याला ही अट नाही.

दोर कोठे तुटावा

साखळी आहे तेथे दुबळी कडी असणारच. ती कोठे असावी हे आपण ठरवावयाचे, की दैवावर सोडावयाचे, एवढाच प्रश्न आहे. बिमिनीने वरची गाठ पक्की झाली, दोन पदरांमुळे खालची गाठ पक्की झाली, आणि पुढे १५ किलोंचा जाड दोर जोडला. तर आता सर्वांत दुबळा भाग कोणता? ८ किलोंचा एकेरी मुख्य दोर. तो कोठेही तुटू शकेल. रिळापाशी तुटला तर मासा पन्नास मीटर दोर ओढीत जाईल. उत्तम गाठी मारणाऱ्याच्या हातून होणारा हा अपाय वाईट गाठीच्या अपायाहून मोठा आहे, आणि त्याचा उल्लेख क्वचितच केला जातो.

याला पहिला उपाय रिळाचा आवर. तो दोराच्या शक्तीच्या एकचतुर्थांश ते एकतृतीयांश एवढ्या ओढीला सुटेल असा, ताणकाट्याने मोजून ठेवावा. ८ किलोंच्या दोराला ही ओढ २ ते अडीच किलो होते. एवढ्यावर दोर सुटत असेल तर तो सहसा तुटत नाही, मग मासा केवढाही असो. १९४६ साली काबिनी नदीत व्हॅन इन्गेन यांनी गळाने धरलेला महसीर १२० पौंडांचा होता. दोर माशाच्या वजनाएवढा मजबूत असावा लागता तर असे मासे कधी काठाला आलेच नसते.

दुसरा उपाय जागा पाहून पुढचा दोर निवडण्याचा. नदीतील महसीरला तीक्ष्ण दात नसतात. तेथे पुढचा दोर मुख्य दोरापेक्षा थोडा दुबळा, सहा-साडेसहा किलोंचा ठेवावा, म्हणजे तुटलाच तर गळापाशी तुटेल आणि माशाबरोबर वीतभर दोर जाईल. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. जिताड्याचे तसे नाही. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते आणि बारीक दोर तिच्यावर टिकत नाही. तेथे जाड पुढचा दोर घ्यावाच लागतो, आणि मग दुबळा सांधा मुद्दाम दुसरीकडे करावा लागतो. माझ्या मते दुपदरी भागाची लांबी येथे आखूड, हातभरच ठेवावी आणि जाड दोर त्याला जोडणारी गाठ हाच दुबळा सांधा असू द्यावा. म्हणजे मुख्य दोर शाबूत राहतो. या सांध्याची परीक्षाही बादलीनेच करावी आणि तो मुख्य दोरापेक्षा एक किलो अलीकडे तुटतो अशी खात्री करून घ्यावी. सुरमईचे दात मात्र जाड नायलॉनही कापतात. तिच्यासाठी वितीएवढी पोलादी तारच हवी.

खडकात बहुधा मासा अडकत नाही, शिसे अडकते. म्हणून शिसे मुख्य दोराला थेट न बांधता तीन किलोंच्या बारीक तुकड्याने बांधावे. अडकल्यास शिसे तेवढे जाते. मासा व गळ परत येतात.

विक्रम नोंदविणाऱ्यांसाठी लांबीचे बंधन आहे. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही संस्था १९३९ पासून असे नियम करीत आली आहे. समुद्रात १० किलोंपर्यंतच्या दोराला दुपदरी भाग ४.५७ मीटरपेक्षा आणि तो पुढच्या दोरासह ६.१० मीटरपेक्षा लांब चालत नाही. त्याहून जाड दोरांना या मर्यादा ९.१४ व १२.१९ मीटर आहेत. गोड्या पाण्यात दुपदरी भाग १.८२ मीटर आणि एकूण ३.०४ मीटर. ज्यांना विक्रम करावयाचा नाही त्यांना या लांबीचा दुसरा उपयोग आहे : मासा काठाशी आला की दुपदरी भाग रिळावर चढतो, आणि शेवटची धडपड दोन पदर सोसतात.

वापर झाल्यावर दुपदरी भाग अंगठा व तर्जनी यांतून फिरवून पाहावा. जेथे खरखर लागेल तेथे कापून नवी गाठ मारावी. कापलेले तुकडे पाण्यात किंवा काठावर टाकू नयेत. झाकणाच्या एका लहान डबीत ते घरी आणता येतात, आणि पुढच्या रविवारच्या सरावास लांब तुकडे उपयोगी पडतात.